दोरीतला ताण गेला कुठे?

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात लाग्रांजची पद्धत, म्हणजे वस्तूंची गती बलांऐवजी ऊर्जेवरून काढायची रीत, शिकवायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला कुणाचा तरी हात वर होतोच. फळ्यावर ॲटवुडचं यंत्र असतं. एक कप्पी, तिच्यावरून घेतलेली दोरी आणि दोरीच्या दोन टोकांना दोन वजनं. मी गतिज ऊर्जा लिहिते, स्थितिज ऊर्जा लिहिते, पहिलीतून दुसरी वजा करते, ठरलेलं विकलन करते आणि त्वरण समोर येतं: दोन वस्तुमानांतला फरक भागिले त्यांची बेरीज, गुणिले गुरुत्वत्वरण. चार ओळींत काम आटोपतं. वर्ग जरा वेळ गप्प असतो आणि मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, टेन्शन लिहायचं राहिलं."

असं विचारणारं पोर मला मनापासून आवडतं. अकरावीपासून त्याच्या डोक्यात बसवलेलं असतं की वस्तू दोरीला बांधली असेल तर दोरीचा ताण दाखव, टेबलावर ठेवली असेल तर टेबलाचा दाब दाखव, एक बाण विसरलास की उत्तर चुकलंच. आणि इथे मॅडमनी दोरी काढली, तिचा बाण काढलाच नाही, तरी उत्तर बरोबर आलं! आपल्याला काहीतरी फसवलं जातंय असं त्याला वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. ज्यांना तसं वाटत नाही ती मुलं "गतिज वजा स्थितिज" हे पाठ करून नेट-सेटचे पेपर सोडवतात, मार्कही मिळवतात. पण ही पद्धत त्यांच्याजवळून नुसतीच निघून जाते.

म्हणून त्या तासाला मी पुढचं उदाहरण घेत नाही. ताणाचाच शोध घेते.

आधी अडचण नीट बघायला हवी. हातातून सुटलेला दगड किंवा सूर्याभोवती फिरणारा ग्रह, यांच्यावरचं बल आपल्याला आधीच माहीत असतं. ते न्यूटनच्या नियमात घालायचं आणि गती काढायची. पण तारेत ओवलेला मणी घ्या. तार मण्याला किती जोराने ढकलते? मणी तारेवरून सुटू नये एवढ्यापुरतं जेवढं लागेल तेवढं. म्हणजे तारेचं बल मण्याच्या गतीवर अवलंबून आणि मण्याची गती तारेच्या बलावर. जे शोधायचं आहे तेच आधी हातात हवं, असा हा पेच. न्यूटनच्या वाटेनेही तो सुटतो, पण अज्ञात राशींची गर्दी होते. एका लंबकाला दुसरा लंबक टांगला तर चार निर्देशक (म्हणजे जागा सांगणाऱ्या संख्या), दोन दोऱ्यांचे दोन ताण, गतीची चार समीकरणं आणि दोऱ्यांची लांबी बदलत नाही हे सांगणारी आणखी दोन. त्यातून ते दोन ताण हुसकावून लावण्यातच पानं भरतात. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ते ताण आपल्याला नकोच असतात. आपल्याला लंबक कसे हलतात एवढंच हवं असतं.

निर्बंधाची बलं, म्हणजे दोरीचा ताण, तारेचा दाब, जमिनीचा आधार, ही सगळी एका बाबतीत सारखी आहेत. ती वस्तूला वाटेवर ठेवतात, पण त्या वाटेवरून तिला पुढे किंवा मागे ओढत नाहीत. गुळगुळीत तारेचा दाब तारेला काटकोनात असतो, मणी सरकतो तारेच्या दिशेने, काम शून्य. कप्पीवरच्या दोरीत एक वजन खाली जाताना ताण त्याच्यावर जेवढं ऋण काम करतो, तेवढंच धन काम वर जाणाऱ्या वजनावर करतो, बेरीज शून्य. निर्बंधाला मान्य असलेल्या कुठल्याही छोट्याशा हालचालीत निर्बंधाच्या बलांचं एकूण काम शून्य होतं. मग हिशेब बलांचा न मांडता अशा हालचालींतल्या कामाचा मांडला, तर ही बलं आपोआप गळून पडतात. फ्रेंच गणितज्ञ द'आलंबेर यांनी १७४३ साली गतिशास्त्राचे प्रश्न स्थितिशास्त्राकडे वळवायची वाट दाखवली होती. लाग्रांजने ती वाट आणि ही कामाची कल्पना एकत्र आणून तिच्यातून एक यंत्रणाच उभी केली.

वर्गात मी मागच्या बाकाला एवढंच सांगते: ताण लिहायचा राहिला नाही, त्याने या हिशेबात भागच घेतला नाही.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती घाईघाईत उरकली जाते याचं मला वाईट वाटतं. एक गुळगुळीत आडवी दांडी मोटरने एकाच वेगाने फिरवत ठेवली आहे आणि तिच्यात एक मणी ओवला आहे. मणी आसापासून थोड्या अंतरावर दांडीवर स्थिर धरून सोडला. तो बाहेर सरकत जातो, वेग वाढत जातो. लाग्रांजच्या पद्धतीने समीकरण एका ओळीत मिळतं: बाहेरच्या दिशेचं त्वरण म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुणिले आसापासूनचं अंतर. त्यातून निघणारं उत्तर मला दर वर्षी नव्याने थक्क करतं. दांडीची अर्धी फेरी होईपर्यंत मणी मूळ अंतराच्या साडेअकरा पटींहून लांब गेलेला असतो. दांडी संथ फिरवा की जोरात, मणी जड घ्या की हलका, अर्ध्या फेरीचं हे प्रमाण तेच राहतं.

आता प्रश्न असा. मण्याची ऊर्जा वाढली ती कुठून आली? अर्थात मोटरमधून, दांडीच्या मार्फत. म्हणजे निर्बंधाच्या बलाने काम केलं! मग आपण आत्ताच म्हणालो ते खोटं की काय? खोटं नाही. निर्बंधाचं काम शून्य असतं ते काळ गोठवून केलेल्या कल्पित हालचालीत. दांडी या क्षणी आहे तिथे थांबवा, मणी तिच्यावरून किंचित सरकवा. दांडीचं बल सरकण्याला काटकोनात आहे, काम शून्य. प्रत्यक्षात मात्र मणी सरकतो तोवर दांडीही वळलेली असते, आणि तेव्हा तेच बल खरं काम करून जातं. या काळ गोठवलेल्या हालचालीला आभासी विस्थापन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्याची व्याख्या दोन ओळींत येते आणि मुलं ती पाठ करतात. फिरत्या दांडीशिवाय ती व्याख्या समजू शकते यावर माझा विश्वास नाही.

या सगळ्यामागच्या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. जोसेफ-लुई लाग्रांजचा जन्म १७३६ सालचा, इटलीतल्या तुरीनचा. जन्माच्या वेळी नाव जुझेप्पे लुइजी लाग्रांजिया. वडिलांनी सट्टेबाजीत पैसा घालवला, आणि आपण श्रीमंत राहिलो असतो तर कदाचित गणिताकडे वळलोच नसतो असं तो पुढे म्हणत असे. १७५५ च्या ऑगस्टमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने बर्लिनला नामवंत गणितज्ञ ऑयलरला एक पत्र पाठवलं. त्यात वक्रांच्या लघुतम-महत्तम प्रश्नांची, म्हणजे कुठल्या वक्रावर एखादी राशी सगळ्यात कमी किंवा सगळ्यात जास्त होते ते शोधण्याची, एक नवी रीत होती. ऑयलर स्वतः आकृत्यांच्या आधाराने त्याच प्रश्नांशी झुंजत होता. या पोराने आकृत्या बाजूला ठेवून सगळं बीजगणितात आणलं होतं. ऑयलरने ते लगेच ओळखलं आणि मोकळ्या मनाने दाद दिली. १७६६ साली ऑयलर पीटर्सबर्गला गेल्यावर बर्लिनमधली त्याची जागा लाग्रांजला मिळाली. तिथे वीसेक वर्षं काढून तो १७८७ मध्ये पॅरिसला गेला आणि १७८८ साली त्याचा यामिकीवरचा, म्हणजे बल आणि गतीच्या शास्त्रावरचा, ग्रंथ छापून आला. प्रस्तावनेतच त्याने बजावलं आहे की या ग्रंथात आकृत्या सापडणार नाहीत. यामिकीचा ग्रंथ, ज्यात एक कप्पी नाही, एक उतार नाही, एक बाण नाही! आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनने पुढे त्याला एक प्रकारचं वैज्ञानिक काव्य म्हटलं.

सांगतात की ग्रंथ छापून आला तेव्हा लाग्रांज अशा उदासीत होता की त्याची प्रत दोन वर्षं टेबलावर न उघडता पडून राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ त्याने पॅरिसमध्येच काढला. १७९४ च्या मे महिन्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला, त्यानंतर लाग्रांज म्हणाला की ते डोकं उडवायला त्यांना एक क्षण पुरला, पण तसं दुसरं व्हायला शंभर वर्षंही कदाचित पुरायची नाहीत. १८१३ मध्ये तो गेला.

आकृत्या नकोत हा त्याचा हट्ट मी वर्गात पाळत नाही. फळा भरून आकृत्या काढते. पण त्या हट्टामागची गोष्ट मला कळते. आकृतीत बाण आपल्याला स्वतःकडे ओढतात, आणि मग आपण वस्तूला काय काय अडवतंय ते मोजत बसतो. लाग्रांज आधी विचारतो, ही वस्तू हलू शकते ती किती तऱ्हांनी? उत्तर "एक" असेल तर एकच संख्या हवी, "दोन" असेल तर दोन. त्या संख्या कुठल्या, हे निवडण्याचं स्वातंत्र्य आपलं.

घाटातल्या रस्त्याचं उदाहरण मी नेहमी देते. वरंधा घाटात गाडी कुठे आहे हे सांगायला अक्षांश, रेखांश आणि उंची असे तीन आकडे देता येतील. पण एसटीचा ड्रायव्हर नुसता किलोमीटरचा दगड सांगतो आणि ते पुरतं, कारण गाडी रस्ता सोडून जाणार नाही. वळणं, चढ, उतार हे सगळं त्या दगडाच्या एका आकड्यात मुरलेलं असतं. व्यापक निर्देशक म्हणजे हा दगड.

आता या दगडाची करामत बघायची तर सतराव्या शतकात जावं लागेल. साधा लंबक घड्याळासाठी पूर्ण भरवशाचा नसतो, कारण झोका मोठा झाला की आवर्तकाल वाढतो. झोका दोन्ही बाजूंना ६० अंशांचा असेल तर छोट्या झोक्यापेक्षा वेळ सुमारे ७ टक्के जास्त लागतो. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने असा प्रश्न घातला की गोळा वर्तुळाच्या कंसावरून न नेता कुठल्या वक्रावरून नेला, तर झोका लहान असो की मोठा, वेळ तोच लागेल? उत्तर निघालं चक्रज. सरळ रेषेवरून घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा एखादा बिंदू हवेत जी कमान काढतो ती चक्रज; तीच उलटी केली की झाला हायगेन्सचा वक्र. १६७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने हे भूमितीने सिद्ध केलं. सिद्धता लांब आहे, अवघड आहे आणि सुंदर आहे. लंबकाची दोरी दोन वक्र गालांना टेकत जाईल अशी रचनाही त्याने केली, म्हणजे गोळा आपोआप चक्रजावरून झुलेल. घड्याळजींनी ती फार काळ वापरली नाही. झोकाच काही अंशांपुरता ठेवणारी यंत्रणा निघाली आणि तेवढ्याने त्यांचं भागलं.

हाच प्रश्न लाग्रांजच्या रीतीने घ्या. निर्देशक कुठला घ्यायचा? मुलं आधी आडवं अंतर घेतात, मग चाकाचा कोन घेतात. दोन्हींनी समीकरण मिळतं, पण ओंगळ. मी म्हणते, घाटातला दगड आठवा. तळापासून वक्राच्या कडेकडेने मोजलेलं अंतर हाच निर्देशक घ्या. मग गतिज ऊर्जा लिहायला काहीच कष्ट नाहीत: अर्धं वस्तुमान गुणिले त्या अंतराच्या बदलाच्या वेगाचा वर्ग. आणि चक्रजाचा गुण असा की तळापासूनची उंची बरोबर या कडेकडेच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे स्थितिज ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. हे तर स्प्रिंगचं समीकरण झालं! स्प्रिंगचा आवर्तकाल झोक्याच्या लांबीवर अवलंबून नसतो हे मुलांना बारावीपासून ठाऊक असतं. हायगेन्सचा सिद्धान्त दोन ओळींत फळ्यावर उतरतो, आणि त्यात "जवळजवळ" असं काही नाही. तो तंतोतंत आहे. तरुण लाग्रांजने सुरुवातीला ज्या प्रश्नावर काम केलं तो याच समकाल वक्राचा होता.

यात हायगेन्सला कमी लेखायचं कारण नाही. कुठला वक्र घ्यायचा हे त्याने शोधलं म्हणून दोन ओळींत सिद्ध करायला आपल्याला काही मिळालं. निर्देशक निवडणं ही कला आहे आणि ती सूत्रातून शिकवता येत नाही. उदाहरणं करावी लागतात, खूप करावी लागतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे नारायणचंद्र राणा आणि पुणे विद्यापीठाचे प्रमोद जोग यांनी या विषयावर इंग्रजीत लिहिलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक १९९१ पासून आमच्याकडच्या मुलांच्या हाती आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्नांची रास. राणा १९९६ मध्ये अवघ्या ४१ वर्षांचे असताना गेले. त्यातले प्रश्न सोडवताना कधीकधी वाटतं, हा माणूस आणखी वीस वर्षं शिकवत राहिला असता तर!

माझ्या सगळ्यात लाडक्या प्रश्नाकडे येते. एक गोल कडं उभं धरलंय आणि ते आपल्या उभ्या व्यासाभोवती फिरतंय. कड्यात एक मणी ओवलाय, घर्षण नाही. मण्याची जागा सांगायला एकच कोन पुरतो, तळापासून मोजलेला. कडं संथ फिरत असेल तर मणी तळाशी बसतो. बाजूला सरकवला तर झुलत परत येतो. वेग वाढवत नेला की परत येण्याची घाई कमी होत जाते, झोके रेंगाळतात. एका ठरावीक वेगाला तळाची ओढ संपते. त्यापुढे तळ अस्थिर होतो आणि मणी डाव्या किंवा उजव्या बाजूला वर चढून एका नव्या जागी स्थिरावतो. त्या जागेच्या कोनाची कोज्या (कोसाइन) म्हणजे गुरुत्वत्वरण भागिले कड्याची त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या कड्यासाठी हा बदल मिनिटाला सुमारे ९५ फेऱ्यांना होतो. वेग त्याच्या दुप्पट केला तर मणी साधारण साडेपंचाहत्तर अंशांवर जाऊन बसतो. आणि कडं कितीही जोरात फिरवलं तरी ९० अंश काही गाठत नाही.

एवढा सगळा तमाशा एका समीकरणात आहे, आणि त्या समीकरणात कड्याचा दाब कुठेही नाही. डावं की उजवं, हे समीकरण सांगत नाही. दोन्ही बाजू त्याला सारख्या. मण्याला मात्र एक निवडावी लागते. पुढे सांख्यिकीय भौतिकी शिकताना, चुंबकाचं तापमान उतरवत नेल्यावर चुंबकत्व अचानक एक दिशा कशी पकडतं हे मुलं बघतात तेव्हा त्यांना हा मणी आठवावा, अशी माझी इच्छा असते. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाचा वेग आवरायला दोन गोळ्यांचा नियामक बसवला तोही १७८८ सालीच. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जाऊन वर उचलले जातात आणि वाफ कमी करतात. त्या गोळ्यांचा कोन ठरवणारं सूत्रही हेच, फक्त कड्याच्या त्रिज्येच्या जागी दांड्याची लांबी.

इथवर निर्बंध फार सोज्ज्वळ होते. दर निर्बंधामागे एक निर्देशक कमी. सगळेच निर्बंध असे नसतात. रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी लावणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. गाडी आडवी सरकत नाही. चाकं ती दिशा बंद करतात. तरीही पुढे-मागे आणि स्टिअरिंग फिरवत आपण तिला आडव्या जागेत नेतोच. म्हणजे या क्षणी कुठे सरकता येईल यावर बंधन आहे, पण शेवटी कुठे पोहोचता येईल यावर नाही. जमिनीवर उभं घरंगळणारं नाणंही तसंच. त्याची अवस्था सांगायला चार संख्या लागतात: जमिनीवरची जागा सांगणाऱ्या दोन, तोंड कुठल्या दिशेला आहे ती एक आणि किती फिरलं ती एक. न घसरता घरंगळण्याचे दोन निर्बंध वेगांवर आहेत, तरी चारपैकी एकही संख्या काढून टाकता येत नाही. निर्बंधांच्या या दोन जातींना वेगळी नावं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झने दिली, १८९४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. या दुसऱ्या जातीचा निर्बंध आधीच लॅग्रांजियनमध्ये, म्हणजे त्या "गतिज वजा स्थितिज" राशीत, घालून निर्देशक कमी करायला गेलं तर उत्तर चुकतं. १८९५ साली लिंडेलोफसारख्या पट्टीच्या गणितज्ञाचा घरंगळणाऱ्या वस्तूच्या प्रश्नात असाच पाय घसरला, आणि रशियाच्या चापलिगिनने ते दाखवून दिलं.

अशा वेळी निर्देशक सगळे ठेवायचे आणि निर्बंध समीकरणात वेगळा जोडायचा, एका अज्ञात गुणकाने गुणून. हा गुणकही लाग्रांजचाच, त्याच १७८८ च्या ग्रंथातला. आम्ही त्याला लॅम्डा म्हणतो. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आता दुसरं उत्तर देऊ शकते. ताण हवाय ना तुला? हा घे. दोरीची लांबी बदलू शकते असं क्षणभर समज, ती बदलत नाही हा निर्बंध लॅम्डाने गुणून जोड, समीकरणं सोडव. लॅम्डा जे येईल तोच दोरीतला ताण, चिन्ह तेवढं सांभाळ. हवा असेल तेव्हा मागायचा, नको असेल तेव्हा दाराबाहेर ठेवायचा.

कधी मागायचा हे मात्र कळलं पाहिजे. मोठ्या गुळगुळीत गोलाच्या माथ्यावर एक कण ठेवलाय आणि त्याला किंचित धक्का दिलाय. माथ्यापासूनचा कोन हा एकच निर्देशक घेतला तर समीकरण झटक्यात मिळतं, आणि ते समीकरण कणाला गोलावरून थेट तळापर्यंत घेऊन जातं! कुठलाही कण असा जात नाही, वाटेत सुटून पडतो. समीकरणाला हे कळत नाही, कारण "कण गोलावरच राहील" हे आपणच त्याला सांगून ठेवलंय. आता लॅम्डा घाला. गोलाचा दाब येतो: वजन गुणिले (कोज्येची तिप्पट वजा २). कोज्या २/३ झाली, म्हणजे कोन सुमारे ४८.२ अंश झाला आणि कण त्रिज्येच्या एक तृतीयांश खाली आला, की दाब शून्य. त्यापुढे तो ऋण होतो. म्हणजे कण गोलावर राहायचा असेल तर गोलाने त्याला आत ओढावं लागेल, आणि साधा गोल काही ओढत नाही. गोलाच्या जागी तार असती आणि कण तिच्यात ओवलेला असता तर तो खुशाल तळापर्यंत गेला असता. दोन्हींचा लॅग्रांजियन अक्षराअक्षराने सारखा. फरक फक्त लॅम्डाला कुठलं चिन्ह परवडतं यात. व्हिडिओ गेममधल्या पेट्या एकमेकींवर रचल्या जातात, पडतात, घसरतात, तिथेही संगणक सतत हेच तपासत असतो: अंतर आणि दाब यांतलं एक तरी शून्य आहे ना, आणि दुसरं ऋण नाही ना.

मला यातलं शिडीचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते बघताना कुणालाच शंका येत नाही. गुळगुळीत भिंतीला टेकलेली शिडी, जमीनही गुळगुळीत. सोडली की खालचं टोक बाहेर, वरचं टोक खाली. शिडीचा मध्यबिंदू भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्याभोवती वर्तुळाच्या कंसावर फिरतो, त्याची त्रिज्या शिडीच्या निम्मी. एक कोन, एक समीकरण. सगळेजण समजतात की वरचं टोक भिंतीला घासत थेट जमिनीपर्यंत येईल. भिंतीचा लॅम्डा काढून बघितला की कळतं, टोक मूळ उंचीच्या २/३ वर आलं की भिंतीचा दाब शून्य होतो. ३ मीटरची शिडी जवळजवळ उभी धरून सोडली तर शेंडा २ मीटरवर असतानाच ती भिंत सोडते.

त्या क्षणी कागदावरही काहीतरी बदलावं लागतं. आता हलण्याच्या तऱ्हा दोन झाल्या: कोन, आणि मध्यबिंदूची आडवी जागा. नवा लॅग्रांजियन लिहायचा आणि जुन्याचा शेवटचा वेग नव्याचा पहिला वेग म्हणून द्यायचा. आडव्या दिशेने ढकलणारं काही उरलेलं नाही, म्हणून मध्यबिंदू भिंतीपासून एकसमान वेगाने, सेकंदाला १.८ मीटरने, दूर जात राहतो. हा दुसरा टप्पा मी मुलांना घरी करायला देते आणि शेवटी विचारते, शिडी आडवी होते तेव्हा तिचा मध्य उभ्या दिशेने किती वेगाने जमिनीवर आदळतो? भिंत शेवटपर्यंत धरून ठेवणाऱ्यांचं उत्तर ४.७ येतं, आणि त्यांची शिडी कोपऱ्यातच थांबते. लॅम्डाचं चिन्ह बघणाऱ्यांचं येतं सेकंदाला ४.४ मीटर, आणि त्यांची शिडी पडल्यावरही जमिनीवरून घसरत पुढे जात असते.